बंदुकीच्या टोकाला काय लावायचं

उर्मिला देवस्थळीला निर्णय घ्यायला कधी वेळ लागला नाही. भेंडी घ्यायची असो की घर बदलायचं असो, बाई एक नजर टाकणार, "हे" म्हणणार आणि पुढे चालू लागणार. तिचा नवरा उल्हास तेव्हा अजून पिशवीची घडी उलगडत असायचा. बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं. नाही निघालं, तर ती इतक्या ठामपणे बोलायची की चूक नक्की कुणाची ते समोरच्याला कळायचंच नाही. आता अशा बाईशी वाद कोण घालणार?

मूळची ती ठाण्याची. कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल हातात आली आणि पोरीचा नेम असा बसला की राज्य पातळीवर पदकं घेऊन आली. पुढे लग्न झालं, दुबई झाली, आणि ती एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून लागली. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये टॉवरच्या पायाचे पाइल ठोकले जायचे तेव्हा हिचा आवाज त्या ठोकाठोकीच्या वर ऐकू यायचा. "ए भाई, कान में डालो! बहरा होना है क्या?" मुहैस्नाहच्या कँपमधून बसने येणारे मजूर तिला पाहिलं की मुकाट्याने कानात बोळे घालायचे. तिच्या स्वतःच्या उजव्या कानात बोळा असायचा. डावा कान मात्र उघडा, कारण त्याला दिवसभर वॉकीटॉकी लावलेला. सेफ्टी ऑफिसरला सेफ्टी कोण शिकवणार?

मग दोन हजार आठ आलं. सगळ्यांचं झालं तेच यांचंही झालं. आधी ओव्हरटाइम बंद, मग नव्या साइट बंद, मग क्रेन जागच्या जागी उभ्या, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत कंपनीच खलास. उल्हास रास अल खैमात सिरॅमिकच्या कारखान्यात होता, त्याची नोकरी कशीबशी टिकली. मग सगळं घर तिकडेच हललं. शाळा बदलावी लागली म्हणून सान्वी, त्यांची बारा वर्षांची लेक, महिनाभर फुगून बसली होती. उर्मिला काही फुगली नाही. ती सरळ गावाबाहेरच्या शूटिंग क्लबात गेली आणि मालकाला म्हणाली, "मुझे सेफ्टी आती है और राइफल भी आती है. दोनों एक पगार में मिलेगा, और कहाँ मिलेगा?"

मालक अन्वर साहेब. इथलेच, पन्नाशीचे, अंगात इथला पायघोळ पांढराशुभ्र झगा, कंदुरा, बोलणं कमी. अरबी आणि हिंदी दोन्ही सफाईने बोलत. त्यांनी तिला ठेवून घेतलं आणि मंगळवार तिच्या हवाली केला. मंगळवार म्हणजे लेडीज डे. त्या दिवशी रेंजवर पुरुष नाही, फक्त बायका, आणि नेमबाजीच्या ओळीवर हुकूम फक्त उर्मिलाचा. ती "फायर" म्हणाली तरच गोळी सुटणार, ती "थांबा" म्हणाली की सगळ्या नळ्या खाली. अन्वर साहेबांनी अट मात्र स्वच्छ सांगितली होती. मंदीचे दिवस आहेत, सीझन संपेपर्यंत मंगळवार भरला तर ठीक, नाही भरला तर मंगळवारही बंद आणि मॅडमची नोकरीही.

"भरणार," उर्मिला म्हणाली. बोलण्यात कुठे "इन्शाल्ला" नाही, काही नाही.

आणि भरलाही हो! बायका यायला लागल्या. बँकेत काम करणारी जुलेखा तर दर मंगळवारी. पोरगी चोविशीची, हात स्थिर, डोळा तेज, उर्मिलाला तिच्यात आपलं कॉलेज दिसायचं. इथल्या बायकांची एक रीत होती. एकटी कुणी यायची नाही. एक नेम धरणार, आणि तिच्या शेजारी तिची बहीण, आई, नाहीतर मावशी बसणार, अगदी खांद्याशी. जुलेखाची आई कॉफीचा थर्मास आणि खजुराचा डबा घेऊन यायची आणि लेकीच्या लेनमध्येच, एक पाऊल मागे, बाजूला खुर्ची टाकून बसायची. उर्मिलाने सुरुवातीला हटकलं, मग नियमाची पट्टी काढून मोजलं, खुर्ची ओळीच्या मागेच होती, तेव्हा म्हणाली, "बसू दे."

हिवाळ्यात क्लबाने नव्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली घेतल्या. नळीच्या टोकाला आटे पाडलेले, आणि त्या आट्यांवर काय बसवायचं ते क्लबाने ठरवायचं. इथे थोडं समजून घ्या, अवघड काही नाही. गोळी सुटली की तिच्या मागून तापलेला वायू धाडकन बाहेर येतो. टोकाला जे बसवाल ते त्या वायूला वाट दाखवतं. फ्लॅश हायडर लावा, ज्वाळा कमी दिसते, बाकी धक्का जसाच्या तसा. ब्रेक लावा, तो वायूला डावी-उजवीकडे फेकतो, त्यामुळे खांद्याला धक्का कमी आणि नळी वर उसळत नाही. तिसरं साधं नळकांडं, त्याला लिनिअर म्हणत. ते सगळं पुढे ढकलतं, धक्का काही कमी करत नाही. सायलेन्सरचा प्रश्नच नव्हता, क्लबाच्या परवान्यात तो बसत नव्हता.

क्लबाचा शस्त्रं दुरुस्त करणारा हमदुल्ला, पेशावरकडचा, त्याने तिन्ही टेबलावर मांडली. त्याचं मन ब्रेकवर. "मॅडम, इसमें शान है. देखो, कितना अच्छा दिखता है."

"शान तुझ्यापाशी ठेव," उर्मिला म्हणाली आणि तिन्ही चालवून पाहिली. हायडर, ठीक. लिनिअर, खांद्याला जरा जास्तच. ब्रेक लावला आणि अहाहा! रायफल जागची हलेना. गोळीमागून गोळी एकाच भोकात. नव्याने शिकणाऱ्या बायका धक्क्याला घाबरतात, ही गोष्ट तिने पहिल्या मंगळवारपासून पाहिली होती. धक्का गेला की भीती गेली, भीती गेली की बायका टिकणार, बायका टिकल्या की मंगळवार टिकणार. सगळा हिशोब चोख. "सगळ्यांना ब्रेक," ती म्हणाली, आणि संध्याकाळी घरी सांगितलं. उल्हासने लगेच विचारलं, "केवढ्याला एक?" "तीनशे दिरहॅम." "म्हणजे जवळजवळ चार हजार रुपये! नळीच्या टोपणाला?" उर्मिलाने त्याच्याकडे अशी काही नजर टाकली की तो वरणभात कालवायला लागला.

ब्रेक बसले, आणि मंगळवार ओसरायला लागला.

आधी एक-दोघी गळल्या. उर्मिला म्हणाली, परीक्षांचे दिवस आहेत, मुलांचा अभ्यास. मग आणखी काहीजणी. ती म्हणाली, मंदी आहे, लोक हात आखडता घेतात. ज्या यायच्या त्या पूर्वीपेक्षा छान मारायच्या, तेव्हा ब्रेकवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. अन्वर साहेब काचेच्या पलीकडून रिकाम्या लेन पाहायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याची मात्र तिला धास्ती वाटायला लागली. नोकरी गेली तर पुन्हा कुठे? उल्हासच्या कारखान्यात निम्म्या भट्ट्या थंड पडलेल्या. हे सगळं तिला कळत होतं. पण तोंडाने ती म्हणायची, "पुढच्या मंगळवारी बघा."

पुढच्या मंगळवारी जुलेखा आली ती एकटीच. खुर्ची नाही, थर्मास नाही.

"आई कुठेय?" उर्मिलाने विचारलं.

"गाड़ी में बैठी है," जुलेखा म्हणाली आणि मान खाली घालून रायफल तपासायला लागली.

आता ही काय भानगड? उर्मिला तडक पार्किंगमध्ये गेली. म्हातारी गाडीत एसी लावून बसली होती, जपमाळ हातात. उर्मिला मागचं दार उघडून तिच्या उजवीकडे जाऊन बसली, म्हणजे म्हातारी तिच्या डाव्या हाताला. म्हातारीने हातानेच खूण केली, इकडे नको, त्या बाजूने ये. उर्मिला गाडीला वळसा घालून दुसऱ्या दाराने आत आली. तेव्हा म्हातारीने तोंड उघडलं.

"तुम्हारी बंदूक मुझे थप्पड़ मारती है," ती तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली. "बेटी को नहीं मारती. मुझे मारती है. यहाँ, यहाँ." तिने गालाला आणि छातीला हात लावून दाखवला. "कान पर वो डब्बा रखती हूँ, पर नीचे सर पर शेला है ना, तो डब्बा बैठता नहीं. आवाज़ अंदर आती है. बाकी औरतें भी यही बोलती हैं."

"मग मला का नाही सांगितलंत, खाला?" उर्मिलाने विचारलं. "मुझे बोलना था ना!"

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, नवल होतं. "बोला ना. कितनी बार बोला. तुम खुर्सी के पास खड़ी थी, इस तरफ़. मैं बोली, तुम हँसी, तुम बोली इन्शाल्ला, और चली गई."

बाई गं! उर्मिलाला आठवत होतं ते एवढंच, की म्हातारीचे ओठ हलायचे आणि आपण गोड हसून पुढे जायचो. म्हातारी खजूर घे म्हणत असेल, असंच तिने धरून चाललं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना तिने ताट पुढे सरकवलं आणि सरळ विचारलं, "उल्हास, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही का?"

उल्हासने सान्वीकडे पाहिलं. सान्वीने ताटात पाहिलं.

"बोला की! तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे काय बसलात?"

"मी गेली दोन वर्षं तुझ्या उजव्या बाजूला झोपतो," उल्हास म्हणाला. "तुला वाटलं, एसीचा झोत लागतो म्हणून बाजू बदलली."

"आई, एव्हरीवन नोज," सान्वी म्हणाली. "आय ऑल्वेज वॉक ऑन युअर राइट."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," उल्हास म्हणाला. "तू म्हणालीस, माझे कान ठणठणीत आहेत, तूच पुटपुटतोस."

उर्मिलाला रडू आलं. कानासाठी नाही, कान काय, गेला तर गेला. साइटवर हजार माणसांच्या मागे लागून त्यांचे कान वाचवले आणि आपला मात्र आपल्याच हाताने घालवला, याची तिला लाज वाटली. आणि घरातली ही दोघं तिच्या अवतीभवती जागा बदलत राहिली, एका शब्दाने तिला न दुखवता, याने तर तिचा जीव कळवळला. ती उठली, तोंड धुतलं, आणि परत येऊन बसली तेव्हा पुन्हा पहिली उर्मिला होती. "ठीक. उद्या सकाळी लवकर जाते. डबा नको," ती म्हणाली.

सकाळी रेंजवर तिने हमदुल्लाला रायफल हातात दिली आणि स्वतः जाऊन बसली म्हातारीच्या खुर्चीत. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळली, वर आवाज अडवणारे ते कानावरचे डबे चढवले. आणि मान अशी वळवली की उजवा कान, चांगला कान, नळीकडे यावा.

"मारो," ती म्हणाली.

ब्रेकची पहिली गोळी सुटली आणि उर्मिला खुर्चीतच आक्रसली. वाऱ्याची सणसणीत चपराक बसली, गालावर, दातांवर, बरगड्यांवर. लेनची भिंत तोच वायू परत तिच्यावर ढकलत होती. ओढणीच्या घड्यांतून आवाज डब्याखाली शिरत होता. ज्याच्या हातात रायफल त्याला ब्रेक लोण्यासारखा, आणि शेजारी बसलेल्याला ही शिक्षा! तिने तिन्ही चिजा चालवून पाहिल्या त्या सगळ्या रायफलीच्या मागे उभं राहून. शेजारी कुणी बसलंच नव्हतं. पुरुषांच्या क्लबात बसणारच नाही कुणी. पण मंगळवारी प्रत्येक लेनमध्ये एक आई बसते, हे जगात कुणाला ठाऊक असायला हवं होतं तर ते उर्मिलाला.

"और?" हमदुल्लाने विचारलं.

"हायडर लाव." हायडर बरा होता, पण आडवं थोडं येतच होतं. मग लिनिअर. गोळी सुटली, आवाज पुढे निघून गेला, लांबच्या मातीच्या बांधाकडे. खुर्चीत नुसता धप्प असा ठोका आला. ती तिथेच बसून राहिली आणि हमदुल्लाकडून पुन्हा पुन्हा मारून घेतलं.

"मॅडम, कंधे को झटका लगेगा औरतों को," हमदुल्ला म्हणाला.

"झटक्याचं मी बघते. खांदा कसा लावायचा ते शिकवता येतं. शेजारच्या आईला काय शिकवणार?" ती उठली. "सगळे ब्रेक काढ. लिनिअर चढव."

झालं, एवढ्यावर भागलं असतं. अन्वर साहेबांना "नवा विचार केला" एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. ब्रेक बदलले, बायका परत आल्या, कानाचं कुणाला कळलंही नसतं. पायऱ्या चढताना हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. नोकरी हवी होती तिला, खूप हवी होती. पण एक म्हातारी कानाशी बोलत होती आणि ओळीवर हुकूम चालवणाऱ्या बाईला ऐकू आलं नाही. उद्या म्हातारीऐवजी कुणी "वाचवा" म्हणालं तर? सेफ्टी ऑफिसरला या प्रश्नाचं उत्तर कुणी सांगायला लागत नाही.

अन्वर साहेबांपुढे ती बसलीही नाही.

"साब, ब्रेक मेरा फैसला था. गलत था. बदल दिया. बाजू में बैठी औरतों को लगता था, मुझे पता नहीं चला, क्योंकि मेरा बायाँ कान काम नहीं करता."

अन्वर साहेबांनी हातातली कॉफीची फिंजान खाली ठेवली. "कब से?"

"साइट के टाइम से. मानत नव्हते मी," तिच्या तोंडून मराठीच निघालं, मग तिने हिंदी केलं.

"फिर आप लाइन पर कैसे खड़ी रहेंगी, मॅडम?"

"नहीं रहूँगी."

अन्वर साहेबांनी काचेतून रिकाम्या ओळीकडे पाहिलं.

"जुलेखा खड़ी रहेगी," उर्मिला म्हणाली. "उसकी ट्रेनिंग मैं कराऊँगी, इम्तिहान आप लीजिए. उसके कान अच्छे हैं, दिमाग़ ठंडा है, और वो अरबी में चिल्लाएगी तो सबको एक झटके में समझेगा. मैं सिखाऊँगी. खांदा, साँस, नेम. उसमें मेरे जैसा आपको कोई मिलेगा नहीं."

बघा, नोकरी जायची वेळ आली तरी बाईचा तोरा काही उतरला नव्हता. अन्वर साहेब हसले नाहीत, पण मिशीत काहीतरी हललं. "मंगल भर गया तो दोनों रहो," ते म्हणाले. "नहीं भरा तो खलास."

जुलेखाने शिकायला वेळ लावला नाही, परीक्षाही पास झाली. उर्मिलाने क्लबाची वही उघडून एकेका बाईला स्वतः फोन केला, उजव्या कानाला लावून. आडवळण न घेता सांगितलं, बंदूक बदलली आहे, चूक माझी होती, आईला घेऊन या. काहींनी इन्शाल्ला म्हटलं. त्या इन्शाल्लाचा नक्की अर्थ काय, याची काळजी करत ती मंगळवारपर्यंत झोपली नाही धड.

मंगळवारी गाड्या लागल्या. एक, मग तिच्या मागे दुसरी, मग पार्किंगमध्ये जागा पुरेना. बहिणी आल्या, मावश्या आल्या, कुणाची तर आजी आली चाकाच्या खुर्चीतून. म्हातारी थर्मास घेऊन आली, लेक आता ओळ सांभाळणार म्हणून एका नव्या मुलीच्या लेनमध्ये खुर्ची टाकली आणि पहिल्या गोळीला डोळे गच्च मिटून बसली. गोळी सुटली. तिने एक डोळा उघडला, मग दुसरा, मग कॉफी ओतली. काचेमागे अन्वर साहेबांनी उर्मिलाला अंगठा दाखवला आणि आत निघून गेले. उर्मिलाला वाटलं, इथेच मोठ्याने ओरडावं. ओरडली नाही, कारण ओळीवर आवाज फक्त जुलेखाचा.

शेवटच्या फेरीला उर्मिला म्हातारीच्या लेनच्या मागून चालली होती. उजवीकडच्या टोकाला एका मुलीचं कोपर फार वर जात होतं, ते नीट करायला. ओळ तिच्या डाव्या हाताला, आणि उजव्या कानावर डबा. आणि एकदम एका हाताने तिचं मनगट धरलं, असं घट्ट की बांगडी रुतली. म्हातारीचा हात. उर्मिलाने वळून पाहिलं. सगळी ओळ थांबली होती. सगळ्या नळ्या खाली, सगळ्या बायका एक पाऊल मागे. डाव्या टोकाच्या लेनमध्ये एक मुलगी उभ्या जागी उड्या मारत होती. तापलेलं रिकामं काडतूस तिच्या गळ्यातून आत पडलं होतं, ती कळवळून रायफलीसकट गर्रकन वळली होती, आणि जुलेखा एका हाताने ती नळी खाली दाबून धरून उभी होती. मुलगी किंचाळली असणार. जुलेखा ओरडली असणार. सगळ्यांनी ऐकलं. उर्मिलाला काहीच ऐकू आलं नव्हतं, ती चालत राहिली होती.

म्हातारीने तिला ओढून आपल्या शेजारी बसवलं आणि हातात कॉफी दिली. जुलेखाने रायफल रिकामी केली, त्या मुलीला पाणी दिलं, भाजलेल्या जागेवर मलम लावायला एका बाईला बोलावलं. बाकी कुणाला काही झालं नव्हतं. उर्मिलाने कॉफी एका घोटात संपवली, आणि सवयीने, वर्षानुवर्षांच्या सवयीने, हात वर करून ठणकावलं, "शाबास! चलो, सब ठीक है, शुरू करो!"

एकही रायफल हलली नाही. जुलेखा वळली आणि उर्मिलाच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "लाइन मेरी है. मैं बोलूँगी तब."

उर्मिलाने तिच्याकडे पाहिलं. पोरीचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी उर्मिला देवस्थळीला गप्प बस म्हणालं होतं, आणि तिने तोंड मिटलं आणि खुर्चीत नीट टेकून बसली.